एमजीबीचा डळमळता स्लो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार आजही जगभरच्या शौकिनांनी जतन केलेली आहे. आणि तिच्याविषयी वारंवार ऐकू येणारी तक्रार अशी, की चौकात थांबताच इंजिनाचा स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजीन चालते तो मंद वेग, डळमळू लागतो, दोन-चार आचके बसतात आणि गाडी बंद पडते. या दोषाचा रीतसर तपास होण्यापूर्वीच त्याचा फैसला होऊन जातो, ही खरोखर खेदाची बाब आहे, कारण या १७९८ सीसीच्या साध्या, सोशिक इंजिनात असाध्य असे फारच थोडे आहे.

पहिला गैरसमज असा, की स्लो उतरला म्हणजे स्लोचा स्क्रू थोडा आवळावा. स्लोवर असताना थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते आणि इंजिनाला मिळणारी हवा अत्यल्प असते; त्यामुळे मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून, झिजलेल्या थ्रॉटल-स्पिंडलच्या फटीतून किंवा ब्रेक-सर्वोच्या चिरलेल्या नळीतून शिरणारी जी चोरटी हवा वेगात जाणवतही नाही, तीच येथे मिश्रणाचा तोल पार बिघडवते. स्क्रू आवळल्याने हा दोष जात नाही, केवळ झाकला जातो; शिवाय या गाडीच्या एसयू बनावटीच्या दोन कार्बोरेटरांपैकी एकाचाच स्क्रू फिरवला, तर दोघांचा समतोल नष्ट होऊन इंजीन अधिकच थरथरते. इंजीन थंड असतानाच सुरू करून संशयित जोडावर पाण्याची हलकी फवारणी करावी. आवाज पालटला, तर हवा तेथूनच खेचली जात आहे असे समजावे.

दुसरा आणि अधिक रूढ समज म्हणजे सर्व अपराध कार्बोरेटरचा. वस्तुतः तपासाचा क्रम आधी टॅपेट, मग इग्निशन आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर असाच असला पाहिजे, कारण पहिल्या दोन बाबी ठीक नसताना केलेले ट्यूनिंग टिकत नाही. टॅपेटची फट सामान्यतः ०.३८ मिलिमीटर, तर डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटची ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. पॉइंटची टाच झिजत जाते तसतशी ही फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते आणि स्लो हळूहळू उतरत जातो. तो इतका हळू उतरतो, की मालकाच्या ध्यानात येईपर्यंत स्क्रू अनेकदा फिरवून झालेला असतो. कंडेन्सर तर थंड असताना निर्दोष भासतो आणि तापल्यावर दगा देतो. नवा बसवला म्हणजे तो शंकातीत झाला असेही मानू नये, कारण आज बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांतही निकृष्ट माल बराच आहे.

एसयूच्या डॅशपॉटमध्ये दाट तेल घातले की स्लो स्थिर होतो, असेही अनेक जण सांगतात. वस्तुतः ते तेल थ्रॉटल एकाएकी उघडला असता कार्बोरेटरमधील पिस्टनचे वर चढणे क्षणभर रोखते आणि तेवढ्यापुरते मिश्रण समृद्ध ठेवते. स्थिर स्लोवर त्याचा अंमल मुळीच चालत नाही.

उन्हात गाडी बंद पडली की पेट्रोलची वाफ झाली, हे निदान तर जणू ठरलेलेच. त्यात तथ्य आहे. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला असल्याने उष्णता वर चढते. तथापि तापलेली कॉइल आणि कंडेन्सरही नेमकी हीच लक्षणे दाखवतात; म्हणून गाडी बंद पडताच, ती निवण्यापूर्वी, ठिणगी तपासावी. मागील बाजूच्या विजेच्या पंपाचा आवाजही ऐकावा: तो अखंड भराभर टिकटिकत असेल, तर पेट्रोल संपलेले आहे किंवा तो कोठून तरी हवा खेचतो आहे. मात्र फ्लोट-चेंबर भरलेले असताना तो गप्पच असतो, तेव्हा केवळ त्याच्या मौनावरून त्याला दोषी ठरवू नये.

इतके सारे पाहिल्यावरच मिश्रणाकडे वळावे. इंजीन तापलेले असताना कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलावा: वेग किंचित वाढून लगेच पूर्ववत झाला तर मिश्रण योग्य, वाढून तसाच राहिला तर समृद्ध, आणि इंजीन बंद पडू लागले तर क्षीण. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात प्राणवायूचा अंश असल्याने जुन्या बेताने बसवलेला जेट आता थोडा क्षीण पडतो. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले असल्याने येथील मालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने मऊ होऊन चिरतात, आणि त्यातून गळणारे पेट्रोल थेट खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडते. तेव्हा स्लोची तक्रार असो वा नसो, त्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांनी आधी बदलून घ्याव्यात.