समानुभूती व कलास्वाद

समानुभूती व कलास्वाद : दुसऱ्याच्या मनातील भाव, विचार व दृष्टी कल्पनेच्या द्वारे जणू आतून अनुभवण्याच्या मानसिक प्रक्रियेस समानुभूती असे म्हणतात. सहानुभूतीहून ती वेगळी आहे. सहानुभूतीत दुसऱ्याच्या दुःखाविषयी कळवळा असतो. समानुभूतीत ते दुःख त्याला स्वतःला कसे जाणवते, ह्याचे आकलन असते. दुसऱ्याचे मन कोणासही प्रत्यक्ष दिसत नाही. मुद्रा, बोलणे व वर्तन ह्यांवरून त्याचे अनुमान करावे लागते. व्यवहारात हे अनुमान गरजेपुरतेच केले जाते. शिवाय हितसंबंध, पूर्वग्रह व सामाजिक अंतर ह्यांच्या मर्यादा त्यास पडतात. कथा, नाटक, चित्रपट इ. कला ह्या मर्यादा काही काळ शिथिल करतात. म्हणून परक्या माणसास समजून घेण्याचे एक साधन ह्या दृष्टीने कलेचा विचार सौंदर्यशास्त्रात व मानसशास्त्रात झालेला आहे.

ह्या संकल्पनेचा उगम जर्मन सौंदर्यशास्त्रात आहे. रोबेर्ट फिशर ह्याने १८७३ मध्ये ‘आइनफ्यूलुंग’ (आत शिरून अनुभवणे) ही संज्ञा आकारांच्या आस्वादासंबंधी वापरली. उंच स्तंभ पाहताना तो ‘वर झेपावतो’ असे वाटते, ते पाहणारा आपल्या हालचालीची भावना त्याच्या ठायी कल्पितो म्हणून. टेओडोर लिप्स (१८५१–१९१४) ह्याने हीच उपपत्ती इतर माणसांच्या मनाच्या ज्ञानासही लावली. दोरावरील कसरतपटूकडे पाहणारा प्रेक्षक मनाने त्याच्याबरोबर दोरावर चालतो, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एडिट श्टाइन हिने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात लिप्सच्या मतावर महत्त्वाचा आक्षेप घेतला. तिच्या मते, समानुभूतीत दुसऱ्याचा अनुभव ‘दुसऱ्याचा’ म्हणूनच जाणवतो. दोघांतील भेद पुसला गेला, तर जाणण्यासाठी दुसरा उरतच नाही.

भारतीय साहित्यशास्त्रात ह्याच्याशी संबंधित असा विचार रसचर्चेत आढळतो. भट्टनायकाने मांडलेल्या व अभिनवगुप्ताने वेगळ्या रीतीने स्वीकारलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार, रंगभूमीवरील शोक हा अमुक एका व्यक्तीचा राहत नाही आणि प्रेक्षकाचा खाजगीही नसतो. प्रेक्षकाच्या मनातील वासना, म्हणजे सुप्त संस्कार, जागृत होऊन तो त्यात तन्मय होतो. असा तन्मय होऊ शकणारा रसिक तो सहृदय. मात्र येथे भर व्यक्तिव्यक्तींतील वेगळेपण जाणण्यावर नसून त्याच्या पलीकडे जाण्यावर आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

मराठीत ह्या प्रश्नाची स्वतंत्र मांडणी नरसिंह चिंतामण केळकर ह्यांनी बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात (१९२१) केली. योगशास्त्रातील संज्ञा घेऊन त्यांनी वाङ्‌मयानंदास ‘सविकल्प समाधी’ म्हटले. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत प्रवेश करतो, असा तिचा आशय आहे. केळकरांना मुख्यतः साहित्यापासून होणाऱ्या आनंदाची उपपत्ती सांगावयाची होती. परंतु परमनाच्या आकलनासही ती लागू पडते. पूर्णपणे अलिप्त राहिल्यास दुसऱ्याचे मन बंदच राहते. पूर्णपणे विलीन झाल्यास त्याच्या जागी आपलेच मन दिसू लागते. कलास्वादात ही दोन्ही टोके टाळली जातात. पात्राच्या आयुष्यात वाचकास काही करावयाचे नसते, त्यामुळे न घाबरता व न्यायनिवाड्याची घाई न करता त्याला तेथे वावरता येते.

हे साधण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. ल्येव्ह टॉलस्टॉयच्या आन्ना कारेनिना ह्या कादंबरीत आन्नाचा नवरा प्रथम तिच्या दृष्टीने शुष्क व यांत्रिक दिसतो. पुढे त्याच्याही मनाचा गोंधळ वाचकापुढे उघडा होतो आणि आधीचा निर्णय डळमळतो. अकिरा कुरोसावाच्या राशोमोन (१९५०) ह्या चित्रपटात एकाच घटनेच्या परस्परविरोधी हकीकती येतात व प्रत्येक सांगणाऱ्याची स्वप्रतिमा त्यांतून प्रकट होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे (१९३४–३७) मध्ये पतीच्या धर्मांतराची कथा, त्या वेळी ते मान्य नसलेल्या पत्नीने सांगितली आहे. तिचा आकांत आणि पतीची श्रद्धा ह्या दोहोंनाही वाचकाच्या मनात जागा मिळते.

समानुभूतीच्या मर्यादाही दाखविल्या गेल्या आहेत. झां झाक रूसोच्या मते (१७५८), नाटकगृहातील करुणा क्षणिक व निष्फळ असते. अश्रू ढाळून प्रेक्षक आपले कर्तव्य संपले असे मानतो. भावनिक तादात्म्यामुळे विचारशक्ती मंदावते, असे मानून बेर्टोल्ट ब्रेख्त (१८९८–१९५६) ह्याने प्रेक्षकास मुद्दाम दूर ठेवणारे नाट्यतंत्र वापरले. तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. समानुभूतीच्या नावाखाली लेखक व वाचक आपल्याच भावना दुसऱ्यावर लादण्याचा संभव असतो. दलित साहित्याने स्वानुभवाचा आग्रह धरला, त्यामागे हीच जाणीव होती. दया पवार ह्यांच्या बलुतं (१९७८) ह्या आत्मकथनाने मध्यमवर्गीय वाचकास केवळ हळहळण्याची मोकळीक ठेवली नाही. ज्या व्यवस्थेत तो सुखाने राहतो, ती त्याला दुसऱ्या बाजूने पाहावयास लावली. दुसऱ्याचे वेगळेपण आपल्या कल्पनेत पूर्णपणे सामावत नाही, हे कळणे हाही आकलनाचाच भाग होय.

ह्या विषयाची प्रायोगिक तपासणीही झाली आहे. वाङ्‌मयीन कथा वाचल्यानंतर इतरांच्या मनःस्थिती ओळखण्याची क्षमता वाढते, असा निष्कर्ष डेव्हिड किड व एमानुएले कास्तानो ह्यांनी २०१३ मध्ये मांडला. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनःप्रयोगांत त्याला पुष्टी मिळाली नाही. १४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१८) कथावाचनाचा अनुकूल, पण अल्प परिणाम दिसून आला. तेव्हा एखादी कथा वाचल्याने मनुष्य समंजस होतो, असे म्हणता येत नाही. कला दुसऱ्याच्या मनाचे दार उघडून देते. आत जे दिसले त्याचा आदर राखणे आणि त्यानुसार वागणे ही जबाबदारी रसिकाचीच राहते.