बोडीच्या पाण्यातले धागे

मुर्रीच्या आमच्या घरी शेरू नावाचा कुत्रा होता. रोवणीच्या दिवसांत बायामाणसांमागे बांध्यांतून धावायचा, ऊन चढले की बोडीत डुंबायचा. वय दोन वर्षे, अंगाने भरलेला. एका पावसाळ्यानंतर त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात बरगड्या मोजता येऊ लागल्या. पोट चाचपले की आत लिंबाएवढी टणक गाठ लागे.

डॉक्टर म्हणाले, "साहेब, गाठ काढू आणि तुकडा तपासायला पाठवू." माझा जन्म बँकेत खर्चाला कात्री लावण्यात गेलेला. म्हणालो, "आधी औषध देऊन पाहू." तीन आठवड्यांत शेरू गेला. नेमके काय झाले होते, हे आता कळायचे नाही. डॉक्टरांना शंका होती ती पायथिओसिसची.

त्यानंतर मी या रोगाविषयी मिळेल ते वाचले. १८८४ मध्ये स्मिथ या पशुवैद्याने हिंदुस्थानातल्या घोड्यांच्या 'बरसाती' जखमांवर लिहिले होते. या रोगाच्या इतिहासात ती जुनी नोंद मानतात. रोगजंतूला पायथियम इन्सिडिओसम हे आजचे नाव मिळाले १९८७ मध्ये. दिसायला ही बुरशी, पण बुरशी नव्हे. द्राक्षावरचा डावणी आणि १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा नासवणारा करपा, हे तिचे भाऊबंद.

साचलेल्या कोमट पाण्यात तिचे सूक्ष्म बीजाणू चक्क पोहतात. पाण्याबरोबर ते कुत्र्याच्या पोटात जातात, जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत शिरून धागे सोडतात. शरीर त्यांच्याभोवती संरक्षक पेशींची गर्दी करते. मध्ये पेशी मरतात, भोवती चिवट तंतू साचतात, भिंत जाड आणि कडक होते, अन्नाची वाट अरुंद होते. शेजारच्या लसिकाग्रंथीही सुजतात. वरवर पाहता कर्करोगच वाटावा!

मुख्य बिघाड भिंतीच्या आतल्या थरांत असतो. म्हणून दुर्बिणीने वरचा पापुद्रा काढला तर रोग निसटू शकतो. तुकडा खोलवरचा हवा. नेहमीच्या रंगात धागे नीट दिसत नाहीत, चांदीच्या रंगप्रक्रियेत ते काळे उमटतात. बुरशीची बहुतेक औषधे एर्गोस्टेरॉल या घटकाशी निगडित असतात. इथे तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. खरी आशा असते ती रोगट भाग आजूबाजूच्या निरोगी भागासकट लवकर कापून काढण्यात. म्हणजे माझे ते तीन आठवडे!

कुत्र्यापासून हा रोग माणसाला लागत नाही. पण तसल्या पाण्यातून माणसाच्या डोळ्याला होऊ शकतो, हेही लक्षात असू द्यावे.

आता घरात नवे पिल्लू आहे. बोडीकडे धावतेच, धानाच्या गावात कुत्र्याला पाण्यापासून किती दूर ठेवणार? दर महिन्याला मात्र त्याला धानाच्या काट्यावर उभे करतो आणि आकडा वहीत मांडतो. शिल्लक घटली, तर या वेळी खर्च विचारणार नाही.