झडप बदलायची की दुरुस्त करायची?

कॉलेजचा तिसरा मजला आणि लिफ्ट बंद. जिने चढून धाप सगळ्यांनाच लागते, दोन मिनिटांत उतरतेही. पण ग्रुपमधली एखादी पहिल्याच मजल्यावर थांबत असेल, रात्री आडवं झाल्यावर तिचा श्वास कोंडत असेल, तर ‘तुझा स्टॅमिनाच नाही गं’ म्हणून सोडून देऊ नका. तिच्या हृदयाची झडप गळत असू शकते.

हृदय दिवसाला साधारण १ लाख ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला डाव्या बाजूची मायट्रल झडप उघडते आणि मिटते. तिचे दोन पातळ पडदे पॅराशूटसारखे बारीक दोऱ्यांनी खालून बांधलेले असतात. दोरी तुटली, पडदा आखडला किंवा भोवतालची कडा ताणली गेली की झडप पूर्ण मिटत नाही. रक्त उलटं फिरतं, फुफ्फुसांवर ताण येतो, दम लागतो.

मग नवी झडप बसवून टाकायची? यांत्रिक झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि रक्ततपासण्याही. गरोदरपणात तीच गोळी बाळाला घातक ठरू शकते. प्राण्यांच्या ऊतींची झडप तरुण वयात लवकर खराब होते. विशीतल्या मुलीला दोन्ही सौदे महागातच पडतात.

पॅरिसचे सर्जन अलँ कार्पाँतिए यांनी म्हणूनच आहे तीच झडप दुरुस्त करण्याचं शास्त्र उभं केलं. १९८३ मध्ये त्यांनी ते ‘फ्रेंच करेक्शन’ या नावानं मांडलं. पडद्याचा फुगलेला भाग कापून टाके घालायचे, ताणलेल्या कडेला रिंग शिवून आकार द्यायचा. तुटलेल्या दोरीच्या जागी आता गोअरटेक्सचा धागाही लावतात. मग हृदयाच्या कप्प्यात पाणी भरून बघायचं, गळतंय का? अगदी नळ दुरुस्त केल्यावर बघतो तसंच!

पण आपल्याकडे तरुणांच्या झडपा बिघडण्याचं मोठं कारण आहे संधिवाताचा ताप. लहानपणी घसा दुखतो, मग सांधे सुजतात आणि दुखणं हृदयापर्यंत पोचतं. यात पडदे जाड होऊन चिकटतात. जितका उशीर, तितकी दुरुस्ती अवघड.

तेव्हा डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायला सांगितलं असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बुडवू नका. इको वेळेवर करा. आणि ऑपरेशनची वेळ आलीच, तर बिनधास्त विचारा, “डॉक्टर, माझीच झडप दुरुस्त होईल का?”