स्थानी आणि आदेश : भारतीय नौदलाच्या जुन्या पाणबुड्या व गस्ती जहाजे

एखादी जुनी वस्तू काढून तिच्या जागी नवी आणणे, या क्रियेला मराठीत ‘बदलणे’ असा सुटसुटीत शब्द आहे. व्यवहारात तो पुरतो. शास्त्रीय विवेचनात मात्र तो अपुरा पडतो. आपल्या वैयाकरणांनी या बाबतीत अधिक काटेकोरपणा दाखविला आहे. एका वर्णाच्या जागी दुसरा येतो तेव्हा येणाऱ्याला ‘आदेश’ आणि ज्याच्या जागी तो येतो त्याला ‘स्थानी’ म्हणतात. स्थानी गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही, तर तो ‘लोप’. कोणालाही न हलविता नवा वर्ण येऊन जोडला गेला, तर तो ‘आगम’. आदेशाला सामान्यतः स्थानीचे धर्म प्राप्त होतात, हा पाणिनीचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. त्याला अपवाद आहेत, हेही तितकेच प्रसिद्ध आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय व्याकरण हा नव्हे. भारतीय नौदलातील वयस्क पाणबुड्या आणि गस्ती जहाजे यांच्या जागी काय आणावे व कोणत्या मार्गाने आणावे, हा आहे. वृत्तपत्रांतून हा प्रश्न बहुधा संख्येचा म्हणून मांडला जातो : इतक्या निवृत्त झाल्या, इतक्या हव्यात. परंतु वरील संज्ञा हाताशी धरून पाहिले, तर असे आढळते की, येथे खरा आदेश नौकेचा नसून नौका बांधण्याच्या विद्येचा असतो. विद्येची परंपरा तुटली म्हणजे काय होते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही परका नाही. या विषयाला हात घालण्याचे धाडस त्याच आधारावर केले आहे.

१. पाणबुडी जुनी होते म्हणजे काय?

‘पाणबुड्या’ म्हणजे पाण्यात बुडी मारणारा माणूस. ‘पाणबुडी’ हा शब्द त्याच्याच कुळातला. आणि डिझेल-विद्युत् पाणबुडीला तो चांगला शोभतो, कारण तिलाही बुडी मारणाऱ्या माणसाप्रमाणे श्वासासाठी वर यावे लागते. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी भरण्यासाठी डिझेल एंजिन चालवावे लागते व एंजिनाला हवा लागते. म्हणून ती पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढते. शत्रूला तिचा सुगावा लागण्याची शक्यता नेमकी याच वेळी वाढते.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. दोनशे मीटरांवर पाणबुडीच्या पोलादी कवचावर वीस वातावरणांचा अधिक भार असतो. प्रत्येक बुडीत कवच आकसते व वर येताना पुन्हा सैल होते. अशा हजारो आवर्तनांनी धातू थकतो. खारे पाणी त्याला व आतील नळ्यांना गंजविते. बॅटरी, एंजिन, ध्वनिशोधक यंत्रणा यांपैकी प्रत्येक भाग पालटता येतो. कवच तेवढे पालटता येत नाही. पाणबुडीचे आयुष्य म्हणजे अखेर तिच्या कवचाचे आयुष्य होय.

हे आयुष्य कागदावरचा हिशेब नाही. त्याला माणसे बांधलेली असतात. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीत धूर कोंडून दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. सहा महिन्यांपूर्वीच, १४ ऑगस्ट २०१३ रोजी, मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’वर स्फोट होऊन १८ जण प्राणास मुकले होते. दोन्ही घटनांची कारणे निरनिराळी होती. परंतु संख्या आधीच अपुरी असताना एकेक पाणबुडी गळणे किती जड जाते, हे दोहोंनी दाखविले.

२. नावे परतली, मधला काळ?

भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रीगा येथे नौदलात दाखल झाली. १९७४ पर्यंत त्याच फॉक्सट्रॉट जातीच्या एकूण आठ पाणबुड्या आल्या. १९८६ ते २००० या काळात सोव्हिएत संघ व पुढे रशिया यांच्याकडून ‘सिंधुघोष’ वर्गाच्या दहा आल्या. दरम्यान १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीशी करार होऊन ‘शिशुमार’ वर्गाच्या चार पाणबुड्या मिळाल्या. त्यांपैकी दोन कील येथे बांधल्या गेल्या. ‘शाल्की’ (१९९२) व ‘शंकुल’ (१९९४) या दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये तयार झाल्या.

निवृत्त नौकेचे नाव नव्या नौकेला देण्याची नौदलाची प्रथा आहे. फ्रेंच आराखड्यावर माझगावात बांधलेल्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांना कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर व वागशीर ही जुनीच नावे मिळाली. यांतील खांदेरी हे शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या दक्षिणेस तटबंदी घातलेले बेट. करंज हे उरणच्या करंजा बेटावरून आलेले नाव. नावापुरता आदेश येथे निर्दोष आहे.

परंतु तारखा पाहाव्यात. जुनी ‘कलवरी’ १९९६ मध्ये निवृत्त झाली. नवी १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. जुनी ‘खांदेरी’ १९८९ मध्ये गेली. नवी २०१९ मध्ये आली. २००० पासून २०१७ पर्यंत सतरा वर्षे एकही नवी डिझेल-विद्युत् पाणबुडी नौदलात आली नाही. जुन्या मात्र एकामागून एक जात राहिल्या. या काळाचे वर्णन ‘आदेशास विलंब’ असे करता येणार नाही. तो लोपच होता.

३. चार मार्ग

जुन्या पाणबुडीच्या बाबतीत शासनापुढे साधारणतः चार मार्ग असतात.

पहिला आयुर्वर्धनाचा. कवच तपासून, यंत्रे पालटून त्याच पाणबुडीला आणखी काही वर्षे द्यावयाची. जून २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘शंकुश’च्या अशा कामासाठी माझगाव डॉकशी २,७२५ कोटी रुपयांचा करार केला. हा मार्ग वेळ मिळवून देतो, स्थानी पालटत नाही. शिवाय त्यालाही विद्या लागतेच. विशाखापट्टणम् येथे २००६ मध्ये दुरुस्तीस घेतलेली ‘सिंधुकीर्ती’ २०१५ मध्ये नौदलास परत मिळाली. नऊ वर्षे पाणबुडी गोदीत असणे, हे नसलेल्या अनुभवाचे मोल होते.

दुसरा मार्ग वापरलेली किंवा भाड्याची पाणबुडी घेण्याचा. कॅनडाने १९९८ मध्ये ब्रिटनकडून चार वापरलेल्या पाणबुड्या घेतल्या. त्यांपैकी ‘शिकूटिमी’ला २००४ मध्ये कॅनडाकडे येतानाच आग लागून एक अधिकारी मरण पावला व पुढे अनेक वर्षे ती दुरुस्तीतच राहिली. भारताने रशियाकडून ‘चक्र’ या नावाने दोनदा अणुशक्तीवरील पाणबुडी भाड्याने घेतली : १९८८ ते १९९१ आणि २०१२ ते २०२१. या मार्गाने खलाशांचा सराव होतो. गोदीतील कारागिरांच्या हाती काही पडत नाही.

तिसरा मार्ग परदेशी आराखड्यावर आपल्या गोदीत बांधणीचा. आपण दोनदा तो पत्करला आणि दोहोंची तुलना बोधप्रद आहे. शिशुमार करारात आपले अभियंते व कामगार कील येथे शिकून आले व त्यांनी माझगावात दोन पाणबुड्या उभ्या केल्या. आणखी दोन बांधण्याचा विचार होता. तो लाचखोरीच्या आरोपांच्या गदारोळात १९८० च्या दशकाच्या अखेरीस मागे पडला. ‘शंकुल’नंतर बांधणीची साखळी थांबली. पाणबुडीच्या कवचाचे वेल्डिंग पुस्तकातून येत नाही; ते हातातून हाताकडे जाते. शिकलेले हात पांगले, काही निवृत्त झाले, यंत्रे राहिली.

स्कॉर्पीनचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये अपेक्षित होती. ती २०१७ मध्ये आली. पहिलीसाठी बारा वर्षे लागली. उरलेल्या पाच मात्र पुढील सात वर्षांत, १५ जानेवारी २०२५ पर्यंत, दाखल झाल्या. विलंबाला साहित्य-खरेदीतील अडचणी इत्यादी कारणेही होती. तथापि या आकड्यांतून निघणारा मुख्य निष्कर्ष असा की, मोठा काळ नवी विद्या शिकण्यात नव्हे, तर विसरलेली पुन्हा शिकण्यात गेला.

चौथा मार्ग स्वतःच्या आराखड्याचा. त्याची वाट अंशाअंशाने तयार होत आहे. स्नॉर्केल न काढता पाण्याखाली अधिक काळ राहू देणारी, इंधन-घटावर चालणारी यंत्रणा आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केली आहे. स्कॉर्पीन पाणबुड्यांत ती बसविण्याच्या कामासाठी डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. जुन्या शरीरात नवा अवयव, म्हणजे वैयाकरणांच्या भाषेत हा आगम होय.

४. गस्ती जहाजांचा वेगळा धडा

गस्ती जहाजाचे काम निराळे. सागरी क्षेत्रावर व तेलविहिरींवर नजर ठेवणे, चाचेगिरीला आळा घालणे, संकटग्रस्तांना मदत करणे. त्याला बुडी मारावयाची नसते, म्हणून त्याच्या कवचाला पाणबुडीच्या कवचासारखा थकवा येत नाही. झिजतात ती एंजिने. म्हणून त्याचा आदेश तुलनेने सोपा. ‘सुकन्या’ वर्गाची सात जहाजे १९८९ नंतरच्या काही वर्षांत आली : तीन दक्षिण कोरियात व चार विशाखापट्टणम् येथे बांधलेली. त्यांतील ‘शरयू’ २००० मध्ये श्रीलंकेला दिले गेले व तेथे त्याचे ‘सयुर’ झाले. सिंहलीत सयुर म्हणजे समुद्र; आपल्या ‘सागर’ शब्दाचेच ते रूप. नदीचा सागर झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

‘शरयू’ हे नाव २०१३ मध्ये परत आले ते गोव्यात बांधलेल्या १०५ मीटर लांबीच्या जहाजावर. वास्को येथील ही गोदी १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत स्थापन झाली. तटरक्षक दलासाठी तिने बांधलेले ‘समर’ १९९६ मध्ये सेवेत आले; त्या मालिकेनंतर नौदलाची चार जहाजे, मग पुन्हा तटरक्षक दलाची, मग श्रीलंकेसाठी दोन नवी, असे काम तिच्याकडे येत राहिले. ३० मार्च २०२३ रोजी पुढच्या पिढीच्या अकरा गस्ती जहाजांसाठी ९,७८१ कोटी रुपयांचे करार झाले. त्यांतील सात गोव्याकडे व चार कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे गेली. याउलट गुजरातमधील एका नवख्या खाजगी गोदीला २०११ मध्ये दिलेल्या पाच गस्ती जहाजांपैकी एकही त्या कराराखाली नौदलाच्या हाती आले नाही व करार रद्द करावा लागला. साधे जहाजदेखील केवळ कराराने तरंगत नाही.

५. समारोप

१९९९ मध्ये शासनाने तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याची योजना मान्य केली. जानेवारी २०२५ पर्यंत तिच्यातून सहा दाखल झाल्या. पुढील सहांसाठी जुलै २०२१ मध्ये निविदा निघाली. जानेवारी २०२५ मध्ये स्पर्धेत माझगाव डॉक व तिचा जर्मन भागीदार ही एकच जोडी उरली. आणखी तीन स्कॉर्पीन घेण्यास जुलै २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. ‘वागशीर’ गोदीबाहेर पडली त्या दिवशी मात्र तिच्या मागोमाग दुसरी उभी नव्हती. १९९४ मध्ये ‘शंकुल’नंतर हेच घडले होते.

भाषा शब्दकोशात जिवंत राहत नाही. एका पिढीने ती पुढच्या पिढीशी बोलावी लागते. एक पिढी गप्प राहिली, तर पुढची कितीही हुशार असली तरी तिला ती परकी भाषा म्हणूनच शिकावी लागते. पाणबुडी-बांधणीची स्थिती याहून फार निराळी नाही. म्हणून चार मार्गांपैकी कोणता स्वस्त, यापेक्षा कोणता मार्ग माझगावातील हात रिकामे ठेवणार नाही, हा प्रश्न अगोदर विचारला पाहिजे. आयुर्वर्धन असो वा परदेशी आराखडा, जो निर्णय दोन पाणबुड्यांमधील अंतर कमी करील तो उपयोगी. जो उत्तम पाणबुडीच्या शोधात ते अंतर वाढवील तो शेवटी महागच पडेल. जुने नाव नव्या नौकेला एका समारंभात देता येते. जुन्या हातांची विद्या नव्या हातांना द्यावयाची, तर दोघे एकाच वेळी एकाच गोदीत असावे लागतात.