वाटीतले गणंग

मटकी रात्री भिजत घातली की सकाळी आई आधी पातेल्याचा तळ चाचपायची. बोटांना खड्यासारखं काही लागलं की म्हणायची, "गणंग आहेत गं, निवडून काढ." उसळीत एक जरी दाताखाली आला तरी घासाचा विचका होतो.

यंदा ते फेकले नाहीत. वाटीभर मटकीत अकरा निघाले.

बाकीच्या मटकीचं काम एव्हाना जोरात होतं. आधी सालीवर सुरकुत्या पडतात. पाणी पिऊन साल आतल्या डाळीच्या आधी पसरते. मग दाणा टपोरा होतो. इथवर जिवंत असण्याशी काही संबंध नाही, मेलेलं बीही पाणी पिऊन फुगतं. फरक पुढे पडतो. जिवंत दाण्याचा जवळजवळ थांबलेला श्वास वेग घेतो, साठवलेल्या पिठाची साखर होऊ लागते आणि डोळ्यापाशी साल फाटून मूळ बाहेर येतं. हो, मूळच, आपण मोड म्हणतो तो पानांचा कोंब नव्हे. श्वासाला हवा हवी, म्हणून मटकी उपसून फडक्यात बांधायची. पाण्यातच राहिली तर आंबते. गाठोडं सोडताना हाताला ऊब लागते, ती या श्वासाचीच.

डब्यातली कोरडी मटकी खरं तर झोपलेली नसते, नुसती तहानलेली असते. झोपलेला असतो तो गणंग. पाणी, ऊब, हवा, सगळं मिळूनही उठत नाही, कारण त्याची घट्ट साल पाणी आत घेतच नाही. अकरातले सहा मी पॉलिश पेपरवर घासले, डोळ्याची बाजू सांभाळून, आणि पुन्हा भिजवले. संध्याकाळी सहाही फुगले. दुसऱ्या दिवशी पाचांना मोड.

रानात हा हट्टीपणा कामाचा. पहिला पाऊस पडतो, मग दडी मारतो. उगवलेलं सगळं करपतं, न उगवलेलं मातीत शाबूत राहतं. बाभळीचंही तेच; शेळीने शेंगा खाल्ल्या की तिच्या पोटात बियांची घट्ट साल नरमते, म्हणून शेळ्यांच्या वाड्यात सापडलेलं बी लवकर रुजतं. शेतकऱ्याला मात्र सगळं एकदम उगवायला हवं. पेरलेल्यातलं जे वेळेवर उगवलं त्याचंच बी तो पिढ्यान्‌पिढ्या धरत आला, म्हणून वाटीत अकराच निघाले.

न घासलेले पाच आठवडा झाला तरी पाण्यात खडेच आहेत. पाणी रोज बदलतेय.