स्वमग्न मूल आणि कुटुंबाचा आधार

संस्था : स्वमग्न मुलाची आई असलेल्या मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. मुंबईत २००१ पासून ‘उम्मीद’ बालविकास केंद्र कार्यरत आहे. उपचारांइतकेच पालकांचे प्रशिक्षणही अशा संस्थांचे मुख्य काम असते.

लक्षणे : हाक मारली तरी न वळणे, नजरेला नजर न देणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, तीच कृती पुन्हा पुन्हा करणे. दोन वर्षांच्या आसपास ही लक्षणे ओळखता येतात.

भाषा : कर्नाटकातील औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक मुले घरी मराठी आणि शाळेत कन्नड ऐकतात. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही, वाढतही नाही. घरची बोली बंद केल्यास मूल आजी-आजोबांपासून मात्र तुटते.

हक्क : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ६ ते १८ वयात मोफत शिक्षण मिळते. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागते. पालकांनी ते लवकर काढून घ्यावे.