गेलेला वेळ भरून मिळतो

सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी आम्हां मांजरीकरांना नवी नाही. पाळीत मध्येच वीज गेली, तर तेवढा वेळ पुढे भरून द्यावा लागतो. नाहीतर तंटा ठरलेला! फुटबॉलमध्येही असेच आहे.

मोठा सामना ४५-४५ मिनिटांच्या दोन भागांत होतो. खेळ थांबला, तरी घड्याळ चालूच राहते. मग पुढे असलेला संघ कधी लबाडी करतो. कुणी दुखल्याचे सोंग करून लोळतो. कुणी चेंडू मारायला उशीर लावतो. मागे पडलेल्यांची संधी अशाने जाते.

म्हणून पंच वाया गेलेला वेळ मोजतो. भाग संपताना तेवढा वाढवून देतो. सोंग करणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवतो. २०२२ साली विश्वचषकात इंग्लंड-इराण सामना झाला. इराणच्या गोलीला खरोखरच लागले होते. तेव्हा पहिल्याच भागात १४ मिनिटे वाढवली. खरे दुखणे असो की सोंग, वेळ मोजला जातोच.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात. तिथे कधी गेलात, तर पंचाची शेवटची शिट्टी होईपर्यंत उठू नका. मागे पडलेल्याचा डाव तोवर संपलेला नसतो.